चावडीवर तपासलेले सॉफ्टवेअर

२०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या गावागावांत सातबारे मोठ्याने वाचले गेले. हस्तलिखित उताऱ्यांवरून संगणकात भरलेली माहिती मूळ कागदाशी जुळते की नाही, हे पडताळण्यासाठी महसूल खात्याने चावडी वाचनाची मोहीम घेतली होती. तलाठ्याने गावात बसून गट नंबर, खातेदारांची नावे, क्षेत्र, इतर हक्कांतले बोजे वाचायचे. ऐकणाऱ्याने आपल्या नोंदीत चूक असेल तर तिथल्या तिथे सांगायची. आणि मग ती संगणकात दुरुस्त व्हायची. राज्यात सातबारे सुमारे अडीच कोटी. एवढ्या नोंदी टंकताना कुठे वारसाचे नाव गळणार, कुठे पोटखराब्याचे गुंठे बेरजेत हरवणार, हे उघड होते. पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाने आणि राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राने (एनआयसी) या दुरुस्त्यांसाठी प्रणालीत वेगळी सोय करून दिली, आणि हे सगळे झाल्यावर मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. सॉफ्टवेअरच्या धंद्यात ज्याला वापरकर्त्याकडून होणारी अंतिम चाचणी म्हणतात, ती इथे गावातल्या माणसांनी केली होती. संगणक कंपन्यांच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकांत चावडी नसते. तरीही राज्यातल्या एका मोठ्या वेब प्रकल्पात सर्वांत नेमके काम झाले, ते या जुन्या रिवाजाला प्रक्रियेत जागा मिळाल्यामुळे.

त्याच वर्षी, तोच उन्हाळा संपता संपता, दुसरा प्रकल्प सुरू झाला. जून २०१७ मध्ये सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइनच भरायचे होते. आपले सरकार सेवा केंद्रांपुढे जुलैअखेरीपासून रांगा लागल्या, बोटांचे ठसे जुळेनात, सर्व्हर मंदावले, अर्जाची मुदत वाढवावी लागली. दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रे वाटली गेली. पण शेतकऱ्याने भरलेली माहिती आणि बँकेने दिलेली माहिती यांचा मेळ बसेना. आधार क्रमांक, खाते क्रमांक, नावे यांत तफावती निघाल्या, छाननी रेंगाळली आणि पैसे खात्यात पडायला वेळ लागला. राज्य तेच, शेतकरी तेच, बरेचसे तंत्रज्ञानही तेच. दोन प्रकल्पांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्याचे मुख्य कारण मला काम करण्याच्या क्रमात दिसते. पहिल्यात माहिती आधी तपासली गेली आणि सेवा नंतर खुली झाली. दुसऱ्यात सेवेची तारीख आधी ठरली आणि माहितीची तपासणी लोक रांगेत उभे असताना सुरू झाली. कर्जमाफी थांबू शकत नव्हती, त्यामागची निकड खरी होती, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की बँकांच्या याद्या पडताळण्याचे काम अर्जाचा नमुना बनवण्याआधी एका जिल्ह्यात करून पाहता आले असते.

सॉफ्टवेअर घडवण्याची प्रक्रिया म्हणजे नेमके काय? कोणते काम कधी करायचे, कोणी कोणाला काय दाखवायचे, काय पाहिल्यावर पुढच्या टप्प्यावर जायचे आणि चूक सापडली तर मागे कसे फिरायचे, याची आधी ठरवलेली शिस्त. सरकारी कामांत आजही जी सरळ रेषेची पद्धत चालते, म्हणजे आधी सगळ्या गरजा लिहून काढा, मग आराखडा, मग प्रोग्रामिंग, मग चाचणी आणि शेवटी हस्तांतर, तिचे मूळ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधात सांगितले जाते. वॉटरफॉल हे नाव तिला पुढे चिकटले. रॉइस यांनी ही सरळ रेषा जोखमीची असल्याचे त्याच निबंधात लिहिले आहे आणि नवे सॉफ्टवेअर दोनदा बांधावे, पहिल्यांदा शिकण्यासाठी आणि दुसऱ्यांदा देण्यासाठी, असा सल्लाही दिला आहे. लोकांनी आकृती उचलली, इशारा सोडला. नव्वदीच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी युनिफाइड प्रोसेससारख्या पद्धती आणल्या; त्यांत काम फेऱ्यांमध्ये वाटलेले असे, पण कागदपत्रांचा भार मोठा होता. मग फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी एकत्र येऊन चपळ पद्धतीचा, म्हणजे अजाइलचा, जाहीरनामा लिहिला: चालते सॉफ्टवेअर थोडे थोडे द्या, ग्राहकाशी सतत बोलत राहा, बदल आला तर त्याचे स्वागत करा.

वेबवरच्या कामाला यातली कुठलीही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. बँकेच्या शाखेत किंवा कारखान्यात बसवायचे सॉफ्टवेअर कोण वापरणार हे माहीत असते. त्या माणसांना प्रशिक्षण देता येते. वेबवरच्या सेवेला वापरणारा अनोळखी असतो, त्याचा फोन जुना असू शकतो, नेटवर्क एका बांधावर मिळते आणि दुसऱ्यावर नाही. शिवाय अशी सेवा एकटी उभी नसते. सातबारा एका खात्याचा, आधार दुसऱ्या यंत्रणेचे, बँक तिसरी, आणि यातले एक जरी अडले तरी शेतकऱ्याला एवढेच दिसते की साइट चालत नाही. आरोग्य विम्याच्या नोंदणीसाठी काढलेल्या अमेरिकेच्या हेल्थकेअर डॉट गव्ह या संकेतस्थळाने हे साऱ्या जगाला दाखवून दिले. १ ऑक्टोबर २०१३ ला ते खुले झाले आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेल्या माणसांची संख्या होती ६. वेगवेगळ्या कंत्राटदारांनी आपापले भाग बनवले होते. सगळे भाग जोडून सुरुवातीपासून शेवटापर्यंतची चाचणी उद्घाटनाच्या अवघे दोन आठवडे आधी सुरू झाली होती, असे त्या कंत्राटदारांनीच अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले. पैसा होता, माणसेही होती. जोडणीची परीक्षा मात्र सर्वांत शेवटी ठेवली होती.

मग अजाइल हेच उत्तर, असे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतला कोणीही सहज म्हणेल. अर्धे खरे आहे. अजाइलमध्ये दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट असतात, प्रत्येकाच्या शेवटी ग्राहकाला काम दाखवायचे आणि त्याच्या प्रतिक्रियेवरून पुढचे ठरवायचे. पण इथे ग्राहक कोण? पैसे देणारा आणि बैठकीला येणारा मंत्रालयातला किंवा पुण्यातला अधिकारी. वापरणारा मात्र जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात, कपाशीच्या शेतात. बैठकीत जो नाही, त्याची अडचण स्प्रिंटमध्ये येणार कशी? दुसरी गोष्ट याहून खोल आहे. वर्षात दोन आठवड्यांचे २६ स्प्रिंट होतात, पण पीक नोंदवायला शेतकरी वर्षातून दोनदा-तीनदाच येतो: खरिपात, रब्बीत आणि पाणी असेल तर उन्हाळीत. खरिपात राहिलेली चूक पुढच्या पंधरवड्यात दुरुस्त केली तरी ती दुरुस्ती खरी उतरली की नाही, हे पुढच्या खरिपातच कळते. शहरातल्या जेवण मागवण्याच्या अॅपला रोज लाखो प्रतिक्रिया मिळतात. शेतीच्या अॅपला हंगामाएवढ्याच. म्हणून अजाइलची चाल इथे हंगामाशी जुळवून घ्यावी लागते, आणि हे जुळवून घेणे म्हणजे वरवरची तडजोड नसून प्रक्रियेचा कणाच बदलणे आहे.

ई-पीक पाहणीचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गाव नमुना १२ मध्ये पीकपेरा लिहिण्याचे काम पूर्वी तलाठ्याकडे होते. एका सजात अनेक गावे. प्रत्येक बांधावर जाणे एका माणसाला कितपत शक्य होते, हे शेतकरी जाणून आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच फोनवर पीक नोंदवावे, फोटो काढावा, असे ठरले; अॅप टाटा ट्रस्टच्या सहकार्याने बनले होते. पहिल्याच हंगामात मुदत वाढवावी लागली. १ ऑगस्ट २०२२ ला दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यातले बदल वाचले की पहिल्या वर्षी शेतात काय अडले होते ते आपोआप समजते. फोटो काढण्याची जागा गटाच्या मध्यबिंदूपासून किती लांब आहे हे अॅप दाखवू लागले. एकदा केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. मिश्र पिकांत मुख्य पिकाबरोबर दुय्यम पिके लिहिता येऊ लागली, जे कपाशीत तूर किंवा मूग घेणाऱ्या खानदेशात किती गरजेचे होते हे वेगळे सांगायला नको. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्याने १० टक्के नोंदी तपासाव्यात, असा नियमही आला. पुढे केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेची पद्धत महाराष्ट्राने घेतली, तेव्हा २०२४ च्या खरिपात ती आधी निवडक तालुक्यांत चालवून पाहिली आणि रब्बीत राज्यभर नेली. राज्यभर नेल्यावर दुरुस्ती, इथून आधी थोड्या तालुक्यांत आणि मग राज्यभर, इथपर्यंत ही वाट तीन वर्षांत आली. माझ्या मते हा सरकारी यंत्रणेचा खरा शहाणपणा आहे आणि त्याची दखल अॅपच्या उद्घाटनाइतकीही घेतली गेली नाही.

तरी अजून बरेच जुळवून घ्यायचे राहिले आहे. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे पहूर घ्या. वाघूर नदीकाठचे हे गाव लोकांच्या तोंडी एकच पहूर, पण कारभार पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन ग्रामपंचायतींचा. यादीतून गाव निवडा म्हणणारा पडदा बनवणाऱ्याला ही गोष्ट कार्यालयात बसून कळणार नाही. इथल्या चार माणसांना फोन हातात देऊन बाजूला उभे राहिले, तर दहा मिनिटांत कळेल. या भागात विहिरीचे पाणी असलेला शेतकरी मे-अखेरीस पूर्वहंगामी कपाशी लावतो. खरिपाची नोंद ऑगस्टमध्ये सुरू होते तेव्हा त्याचे पीक कमरेला लागलेले असते, आणि कोरडवाहूवाल्याची कपाशी अजून लहान असते. रावेर-यावलकडची केळी तर लागवडीपासून घड कापेपर्यंत एका हंगामात मावतच नाही. तेव्हा ई-पीक पाहणीच्या प्रक्रियेत मला पहिला बदल हवा तो असा की उन्हाळी हंगाम हा चाचणीचा हंगाम मानावा. त्या वेळी नोंद करणारे थोडे असतात, बहुतेक ओलिताचे शेतकरी असतात, गर्दी नसते आणि चुकीची किंमत खरिपाच्या मानाने कमी असते. नवा पडदा, नवा नियम, नवी अट आधी उन्हाळीत चालवावी, मे-जूनमध्ये दुरुस्त करावी आणि खरीप सुरू झाला की त्यात नवे काही घालू नये. खरिपाच्या दिवसांत फक्त बिघाड दुरुस्त करायचा. ज्या वेळी लाखो लोक एकदम येतात, त्याच वेळी प्रणालीत बदल करणे हे अनेक सर्व्हर-बिघाडांचे मूळ असते.

गर्दीचाही विचार प्रक्रियेतच करावा लागतो. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. मुदत वाढली की ती दया म्हणून जाहीर होते. खरे तर शेवटच्या दिवसाचा भार आधी मोजला नव्हता, याची ती कबुली असते. भार मोजणे अवघड नाही. खोटे अर्जदार तयार करणारे साधे प्रोग्राम शेवटच्या दिवसाइतकी गर्दी आधीच उभी करू शकतात, आणि कुठला दुवा आधी तुटतो ते दिसते. त्याहून सोपा उपाय वेळापत्रकात आहे. पीक नोंदवण्याची मुदत जिल्ह्यागणिक वेगळी ठेवली, पूर्वहंगामी कपाशीला जुलैतच खिडकी उघडली, नोंद फोनवर साठवून नेटवर्क मिळेल तेव्हा वर जाऊ दिली आणि वेळ नोंद केल्याची धरली, पोहोचल्याची नव्हे, तर बराच ताण यंत्रे न वाढवता उतरतो. इथे वेळापत्रक हा सरकारी खात्याचा विषय आणि सॉफ्टवेअर हा कंपनीचा विषय, असे दोन डबे करून चालत नाही. नियम लिहिणारा आणि प्रोग्राम लिहिणारा एकाच बैठकीत बसले, तरच असा निर्णय होतो.

यावर पहिला आक्षेप निविदेचा येतो. सरकारी पैसा खर्च करायचा तर काय विकत घेतो आहोत ते आधी लिहावे लागते. महालेखापालाच्या तपासणीत ‘हंगाम पाहून ठरवू’ हे उत्तर टिकत नाही. आक्षेप वजनदार आहे आणि अजाइलच्या उत्साही प्रचारकांनी त्याला पुरेसे उत्तर दिलेले नाही. पण निविदेत वैशिष्ट्यांची यादीच लिहायला हवी, असा कुठला नियम नाही. परिणाम लिहिता येतो. ठरलेल्या तालुक्यातल्या इतक्या शेतकऱ्यांनी कोणाची मदत न घेता नोंद पूर्ण केली पाहिजे, शेवटच्या दिवशीही पडदा इतक्या सेकंदांत उघडला पाहिजे, चावडी वाचनात निघालेल्या चुका इतक्या दिवसांत दुरुस्त झाल्या पाहिजेत. या अटी लेखापरीक्षकालाही मोजता येतात, आणि २०० पानांच्या गरजपत्रापेक्षा त्या तपासायला सोप्या आहेत. दुसरे असे की पैशाचा मोठा वाटा उद्घाटनानंतरच्या दोन-तीन हंगामांना बांधलेला असावा. आजच्या रीतीत कंपनीचे बरेचसे काम उद्घाटनाबरोबर संपते, अनुभवी मंडळी दुसऱ्या प्रकल्पावर जातात आणि पहिल्या खरिपातल्या तक्रारी ज्यांनी प्रणाली बांधली नाही त्यांच्यापुढे येतात. वेबवरची सेवा खुली झाल्यावरच शिकायला लागते; तिला शिकवणारी माणसे त्याच वेळी काढून घेणे ही सर्वांत महागडी काटकसर आहे.

दुसरा आक्षेप गावातून येतो आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. सतत बदलू नका. आज शिकलो ते उद्या बदलते, जुने अॅप काढा, नवे घ्या, पुन्हा ओटीपी, पुन्हा खाते शोधा. ज्याच्या फोनमध्ये जागा नाही आणि ज्याचा डेटा मोजका आहे, त्याला नवी आवृत्ती ही सुधारणा वाटत नाही. म्हणूनच मी दर पंधरवड्याच्या बदलाची बाजू घेत नाही. बदल वर्षातून एकदा, हंगामाआधी, गावात सांगून व्हावा. आणि जुनी आवृत्ती असलेल्या फोनवरून आलेली नोंदही सर्व्हरने किमान एक हंगाम स्वीकारावी. यात प्रोग्रामरचे काम वाढते, हे खरे. पण ते काम एका कार्यालयात वाढते. तसे केले नाही तर ते लाखो शेतांत वाढते. सातबाऱ्यासारख्या कायदेशीर नोंदींत प्रयोग नको, असेही काही अधिकारी म्हणतात. त्यांना उत्तर त्यांच्याच खात्याने २०१७ मध्ये दिले आहे: प्रयोग नोंदीवर करू नये, नोंदीच्या तपासणीवर करावा. चावडी वाचनात एकाही माणसाचा हक्क पणाला लागला नव्हता. तो उलट पक्का झाला.

तिसरे म्हणणे निराशेचे आहे. शेतकरी अॅप वापरतच नाही, तो सेवा केंद्रातल्या मुलाकडे कागद देतो आणि पैसे मोजतो. मग त्याच्यासाठी एवढी चाचणी कशाला? पण मग तो केंद्रचालकच वापरकर्ता आहे, असे प्रामाणिकपणे मान्य करावे. पहूरच्या बाजारात एका दिवसात अनेकांचे अर्ज भरणाऱ्या माणसाला कुठली चौकट नेहमी अडते, कुठला संदेश वाचून शेतकरी घाबरतो, कुठला कागद घरी राहतो, हे कुठल्याही सल्लागार कंपनीपेक्षा जास्त ठाऊक असते. त्याला बोलवण्याची जागा आजच्या प्रक्रियेत नाही. कोविड लसीकरणाचे कोविन आठवा: २८ एप्रिल २०२१ ला अठरा वर्षांवरच्यांची नोंदणी उघडली तेव्हा एका दिवसात एक कोटीहून अधिक लोक आले, आणि तेव्हा पडदा इंग्रजीत होता, हिंदी आणि मराठीसह इतर भारतीय भाषा जूनमध्ये आल्या. भाषेची ही उणीव कुठल्याही केंद्रचालकाने पहिल्या दिवशी सांगितली असती.

हे सगळे करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. जळगाव आणि धुळ्यात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, आणि ज्यांचे आई-वडील पीकपेरा लावतात अशी संगणकशास्त्राची मुले तिथे शिकतात. उन्हाळी हंगामात जामनेर, चोपडा, शिरपूर अशा तीन वेगळ्या पाण्याच्या आणि वेगळ्या पिकांच्या तालुक्यांत या मुलांनी बांधावर जाऊन नवी आवृत्ती वापरणाऱ्यांची नोंद घ्यावी: कुठे थांबले, काय विचारले, किती वेळ लागला. ती नोंद मे-अखेरीस ग्रामसभेत वाचावी आणि कंपनीने जूनमध्ये तिच्यातली प्रत्येक अडचण दुरुस्त केली की नाही, हे खरीप उघडण्याआधी त्याच गावांत पुन्हा तपासावे. २०२५ मध्ये भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी कपास किसान अॅपवर नोंदणी मागितली आणि तिचीही मुदत वाढवावी लागली. कपाशी विकायलाही आता फोन लागतो, म्हणून या तपासणीचे पहिले वर्ष कापसापासूनच सुरू व्हावे.